पिवळी नळी आणि हिरवे पेट्रोल

गेल्या हिवाळ्यापर्यंत माझी सगळी मॉडेल विमाने ग्लो इंजिनवर, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर उडत होती आणि पेट्रोलविषयीचे माझे ज्ञान स्कूटरच्या टाकीपुरतेच होते. मी ३५ सीसीचे पेट्रोल इंजिन घेतले, तेव्हा कोल्हापुरातल्याच एका विक्रेत्याने या अज्ञानाचा पुरेपूर फायदा घेतला. तक्रार अजून निकाली निघालेली नसल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

त्याने मला दोन वस्तू विकल्या. एक, ४५० रुपये लिटरने पाच लिटर हिरवे इंधन, जे त्याच्या म्हणण्यानुसार परदेशी, इथेनॉलविरहित आणि ३२ ला १ प्रमाणात सिंथेटिक ऑइल घातलेले होते. दुसरी, पिवळ्या नळ्या जोडलेली तयार टाकी, किंमत १,८०० रुपये. पेट्रोलला चालणारी टायगॉन या ब्रँडची नळी पिवळी असते, एवढे मी कुठेतरी ऐकले होते. त्यामुळे रंग पाहूनच माझे समाधान झाले. बिल मागितल्यावर ‘छंदाच्या वस्तूंना कसले बिल?’ असे हसून उत्तर मिळाले आणि मीही हसलो.

तीन उड्डाणे निर्विघ्न झाली. चौथ्या वेळी पन्हाळ्याच्या बाजूच्या माळावर विमान चढ घेत असताना इंजिनाचा आवाज एकाएकी चिरका झाला, क्षणभर वाढला आणि बंद पडला. विमान शेजारच्या उसात शिरले. डावा पंख तुटला.

घरी टाकी उघडायला गेलो, तर बूच फुगून तोंडात घट्ट बसलेले होते. आतली नळी शिजलेल्या शेवईसारखी लिबलिबीत होऊन पितळी नळीवरून निसटली होती आणि तिच्या टोकाचा क्लंक, म्हणजे इंधनाबरोबर सरकणारी वजनदार गाळणी, तिच्यासकट तळाशी सुटा पडला होता. चढताना इंधन मागे सरकले आणि पितळी नळीचे उघडे तोंड हवा ओढू लागले. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळते, त्यामुळे इंधन तुटले की इंजिन तापते आणि त्याच वेळी कोरडेही पडते.

इंजिन घेऊन शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे उमटले होते. ‘एकदा उपाशी राहून एवढं होत नाही, ऑइलच कमी पडलंय,’ असे म्हणत त्यांनी कॅनचे झाकण काढून वास घेतला आणि म्हणाले, ‘साहेब, ह्ये आपल्या पंपावरचंच हाय की!’

त्यानंतर मी खात्री करून घेतली. शंभर मिलीच्या मापनळीत आधी १० मिली पाणी आणि वर ९० मिली ते इंधन घालून हलवले व स्थिर होऊ दिले. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे ते असल्यास खालचा थर वाढतो. माझा थर दहावरून पंचविसाच्या वर गेला, म्हणजे ते पंपावर मिळणारे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोलच होते. आणखी १०० मिली इंधन गच्चीवर, आगीपासून दूर, पसरट ताटात दोन दिवस उडू दिले. उरलेले तेल सिरिंजने मोजले, तर जिथे सुमारे तीन मिली हवे तिथे दीडही भरले नाही. हिरवा रंग ऑइलचा नव्हताच, वरून घातलेला होता.

नळीचा ५० मिलीमीटरचा नवा तुकडा काचेच्या बाटलीत पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी तो पट्टीवर लांब भरला आणि चिमटीत दाबताच तुटला. ती रंगवलेली सिलिकॉनची नळी होती. मिथेनॉलला तीच उत्तम, पण पेट्रोलमध्ये ती फुगते.

‘तुम्ही नीडल जास्त आवळली असणार,’ असे विक्रेत्याने सांगितले. नीडल म्हणजे कार्बुरेटरमधून किती इंधन जावे ते ठरवणारा स्क्रू. हे उत्तर हुशारीचे होते, कारण मिश्रण पातळ ठेवल्याने, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी सोडल्यानेही पिस्टनवर असेच ओरखडे येतात. बिल का नव्हते, तेही मग उमगले: १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात विनापरवाना ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगण्याची सवलत आहे, पण ती विक्रीसाठी नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, तेव्हा मोबाइलवरून दिलेले पैसे आणि ‘इथेनॉलविरहित’ हा शब्द असलेला त्याचा संदेश एवढाच पुरावा माझ्या हाती होता.

आता मी पंपावरून ताजे पेट्रोल आणतो, लिटरला ३१ मिली ऑइल सिरिंजने मोजून घालतो, मिश्रण धातूच्या डब्यात ठेवतो आणि दिवस संपला की टाकी रिकामी करून कार्बुरेटरमधले उरलेसुरले पेट्रोल इंजिन चालवूनच संपवतो. त्यातल्या पातळ पडद्याला साचलेले इथेनॉल मानवत नाही.

तक्रारीनंतर विक्रेत्याने पैसे न देता ‘चांगली’ टाकी बदलून देऊ केली. तिचीही नळी पिवळीच होती. मी बोटभर तुकडा कापून घेतला, दुकानाबाहेर दूर जाऊन काडी लावली आणि उरलेली पांढरी भुकटी कागदावर घेऊन त्याच्या काउंटरवर ठेवली. सिलिकॉन जळाल्यावर अशीच पांढरी राख उरते, हे त्याला सांगावे लागले नाही.