नाताळच्या सुट्टीत पोरांना घेऊन बेकरीत नानकटाई, पाचपैकी चार स्टार

तर झालं असं की नाताळची सुट्टी लागली आणि दुसऱ्याच दिवशी माझी लेक (वय आठ) आणि नणंदेचा मुलगा (वय सहा) दोघांनी मिळून घर डोक्यावर घेतलं. कुकीज करायच्या म्हणे, व्हिडिओत असतात तशा, झाडाच्या, चांदणीच्या. आमच्याकडे ओटीजी आहे पण त्यात एका वेळी बाराच बसतात आणि प्रत्येक खेपेला वीस मिनिटं, मागच्या वर्षी दुसऱ्या खेपेलाच दोघं टीव्हीसमोर जाऊन बसले होते आणि उरलेल्या पिठाशी मी एकटी. म्हणून म्हटलं यंदा सरळ बेकरीत जाऊ. परळला आमच्या मागच्या गल्लीत एक जुनी बेकरी आहे, ते अजून घरचं सामान घेऊन नानकटाई भाजून देतात. नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे आणि मला रोजचा पाव तिथूनच आणायचाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मैदा-तूप-साखर आपली, भट्टी आणि कारागीर त्यांचे, आपण फक्त मजुरी द्यायची. आमच्या लहानपणी मे महिन्यात आई डालड्याचा डबा आणि पिशव्या घेऊन अशीच लायनीत उभी राहायची. आता मजुरी मैद्याच्या किलोवर १२० रुपये घेतात, त्यात मळून पण देतात. बेसन-रवा धरून आमचं दीड किलो झालं तर १८० रुपये. घरी वीज, गॅस आणि माझं डोकं जाण्यापेक्षा स्वस्तच.

सामान नेलं ते असं: एक किलो मैदा, पाव किलो बेसन, पाव किलो बारीक रवा, एक किलो पिठीसाखर आणि किलोला थोडं वर तूप, त्यात अर्धं साजूक अर्धं वनस्पती, कारण सगळं साजूक घातलं तर महिन्याचं बजेट गेलं. वेलची-जायफळ घरूनच कुटून. सोडा मात्र त्यांनाच घालू द्या. मागे एकदा मी शहाणपणा करून घरूनच घालून नेला होता, जास्त झाला आणि नानकटाई साबणासारखी लागली.

चाचा (सगळे त्यांना चाचाच म्हणतात, साठीच्या पुढचे असतील) आधी तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने फेटत बसतात. मशीन नाही, चमचा नाही. दहा-पंधरा मिनिटांनी तूप पांढरं पडतं, हलकं होतं, मग मैदा. पाण्याचा थेंब नाही. पोरांना हे फार आवडलं, भाच्याने दोन्ही हात कोपरापर्यंत तुपात घातले आणि चाचा एक शब्द बोलले नाहीत, उलट "और घुमा, और घुमा" चाललेलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पाच काय सहा स्टार देईन, आमच्या इथल्या त्या हॉबी क्लासमध्ये पोरांना पिठाला हात लावायच्या आधी ग्लोव्ह्ज घालतात.

आता लेकीने ऑनलाइन मागवलेले प्लॅस्टिकचे कटर सोबत आणले होते, चांदणी आणि ख्रिसमस ट्री. चाचांनी बघितलं आणि हसले, "बेटा, ये फैल जायेगा." तिने ऐकलं नाही, वीसेक चांदण्या कापल्या. नानकटाईच्या पिठात तूप इतकं असतं की गरम झालं की पसरतं, वर सोड्याने फुगतं आणि तडा जातो, तो तडा तर हवाच असतो. कटरचे आकार टिकवायचे तर तूप-बटर कमी, सोडा नाही, आणि पीठ फ्रिजमध्ये कडक करून घ्यायचं, ते वेगळं बिस्कीट. चांदण्या बाहेर आल्या तेव्हा सगळ्यांची टोकं गायब, एकेक जाडजूड शंकरपाळ्यासारखी. लेक पाच मिनिटं रुसली आणि मग त्यातल्याच तीन खाल्ल्या.

भट्टीबद्दल. पूर्वी लाकडाची होती, तेव्हा पहाटे पाव निघायचा आणि मग उतरत्या आचेवर नानकटाई लागायची, म्हणून आपला नंबर पावानंतरच. पावाला आच कडक लागते, नानकटाईला मंद. २०२५च्या जानेवारीत हायकोर्टाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस नाहीतर विजेवर न्या असं सांगितलं आणि यांनी पण पाइपचा गॅस घेतला. भाजणं आता एकसारखं होतं, मागच्या ओळीतली काळी आणि पुढची पांढरी असं होत नाही. पण तो धुरकट खमंग वास गेला तो गेलाच. चाचा म्हणाले त्यांचा खोकला पण गेला, मग मी वासाचं पुढे काढलं नाही.

तक्रार आता. नाताळच्या आठवड्यात भट्टी प्लम केकच्या ऑर्डरनी भरलेली असते, हे मला कळायला हवं होतं, पण त्यांनी सांगायला पण हवं होतं ना. "एक घंटा" म्हणाले आणि लागले पावणेतीन तास. दोन पोरं, केकचा वास आणि बसायला एक बाकडं, त्यावर मैद्याची पोती. शेवटी मी दोघांना बाहेर नेऊन वडापाव खायला घातला. भट्टीजवळ पोरांना येऊ देत नाहीत ते बरोबरच आहे, पण मग लांबून दिसेल असं तरी काही ठेवा.

आणि दुसरा घोळ तर भारीच. ट्रेवर नंबरची चिठ्ठी पिठात खोचतात. आमची १४, कुणाची तरी १९, आणि भाजून चिठ्ठ्या करपल्या. काउंटरवरच्या मुलाने आमच्यापुढे एक ट्रे ठेवला, त्यावर पिस्त्याचे काप. पिस्ते आम्ही पण लावले होते. मी डबा उघडून भरायला लागले तर भाचा ओरडला, "मामी, ही आपली नाही." कसं काय रे? तर याने प्रत्येक नानकटाईच्या मध्ये स्वतःच्या अंगठ्याने खळगा केला होता आणि त्यात पिस्ता. समोरच्या ट्रेमधले खळगे मोठ्या माणसाच्या अंगठ्याचे. पलीकडचा ट्रे बघितला तर बारके बारके ठसे, वर दोन ओळी टोकं गेलेल्या चांदण्यांच्या. काउंटरवरचा मुलगा गप्प. त्या १९ नंबरवाल्या काकू आल्या तेव्हा मीच त्यांना त्यांचा ट्रे दाखवला, त्यांच्यात साजूक तूप जास्त असणार, वास सांगत होता, मी क्षणभर मोहात पडले होते हे कबूल करते.

चव विचाराल तर खुसखुशीत, तोंडात टाकली की विरघळते, गोड किंचित जास्त (साखर माझीच चूक, पुढच्या वेळी पाव किलो कमी). एकशे तीसच्या आसपास निघाल्या. गरम असताना अजिबात हात लावू नका, भुगा होतो, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा नाहीतर वाफ धरून मऊ पडतात. त्यांचे पुठ्ठ्याचे बॉक्स घेऊ नका, दहा रुपये जास्त लावतात आणि तूप बाहेर येतं, स्टीलचे डबे घेऊन जा.

एक स्टार कापला तो वेळेचा आणि चिठ्ठ्यांचा. पुढच्या वेळी दिवाळीच्या सुट्टीत, फराळाची गर्दी संपल्यावर, मंगळवार-बुधवारी सकाळी साडेसातच्या आत जाणार आहे. आधी फोन करून विचारायच्या भानगडीत पडू नका, उचलत नाहीत.