‘फुकट विमान तिकिटा’च्या क्रेडिट कार्डात लोक नेमके कुठे फसतात

प्रवासाचं रिवॉर्ड कार्ड विकणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. “सर, शंभराच्या खर्चावर चार पॉइंट, म्हणजे चार टक्के सरळ परत,” एवढ्यावर लोक सही करतात. वर्षाअखेरीस हिशेब केला की पदरचेच पैसे गेल्याचं दिसतं.

तो हिशेब असा. वर्षाचा खर्च 3 लाख धरा. विक्रेत्याच्या तोंडी 12,000 परत. पण त्यातले 1 लाख 20 हजार घरभाडं, विमा, इंधन आणि वॉलेट भरण्यात गेले असतील, तर त्यावर पुष्कळ कार्डं पॉइंटच देत नाहीत. उरले 1 लाख 80 हजार, त्याचे 7,200 पॉइंट. ते बिलात वळते करताना पॉइंटला 0.25 दर लागला तर हाती 1,800. वार्षिक फी 5,000 असेल तर 3,200 खिशातून गेले. ‘एका पॉइंटला एक’ हा दर बहुधा बँकेच्या स्वतःच्या बुकिंग पोर्टलपुरता असतो आणि तिथे तेच तिकीट महाग नाही ना, हे आधी बघावं लागतं. शिवाय पॉइंट दर 150 च्या टप्प्याने मिळत असतील तर 149 च्या बिलावर शून्य आणि 299 च्या बिलावर एकाच टप्प्याचे. किरकोळ खरेदी जास्त असणाऱ्याचं यात बरंच गळतं.

‘हॉटेलवर पाचपट पॉइंट’ या वाक्यात तर हमखास फसगत होते. कुठला खर्च हॉटेलचा, हे तुम्ही ठरवत नाही. दुकानदाराला दिलेला चार आकडी कोड ठरवतो. हॉटेलचा 7011, ट्रॅव्हल एजंटचा 4722. तीच खोली एजंटच्या साइटवर बुक केली आणि पैसे एजंटने घेतले, तर खर्च 4722 खाली जातो आणि पाचपटऐवजी साधे पॉइंट पडतात. तक्रार करून उपयोग नसतो, कारण अटींमध्ये ते लिहिलेलं असतं. पाचपट पॉइंटांना महिन्याची कमाल मर्यादा असते, तीही तिथेच सापडते.

आता फुकट तिकीट. समजा रोख भाडं 9,000 आहे. पॉइंटवर घेतलं तर 15,000 पॉइंट आणि वर कर व इंधन अधिभाराचे 2,400 रोख. 9,000 मधून 2,400 वजा केले, 15,000 ने भागलं, तर पॉइंटची किंमत आली 0.44. प्रत्येक तिकिटाला हा भागाकार कराच. आज आलेला आकडा पुढच्या वर्षी टिकेल याचीही खात्री नाही: डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीने 2015 मध्ये कुठल्या प्रवासाला किती पॉइंट लागतील याचा ठरलेला तक्ताच काढून टाकला. म्हणून पॉइंट साठवत बसू नका. आणि सीट दिसल्याशिवाय ते विमान कंपनीच्या खात्यात वळवूही नका. एकदा गेलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत.

स्वागत बोनससाठी ‘90 दिवसांत इतका खर्च’ अशी अट असते. हे दिवस बहुधा कार्ड मंजूर झाल्यापासून मोजतात, हातात पडल्यापासून नाही. रोख उचल त्यात धरत नाहीत आणि परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते. बोनससाठी नको ती खरेदी करून बिल थकवलं तर सगळंच पाण्यात: महिना 3.5 टक्के दराने व्याज चढत गेलं की वर्षाला ते 51 टक्क्यांच्या घरात जातं.

परदेशात कार्ड वापरताना परकीय चलन शुल्क 3.5 टक्के आणि परतावा 2 टक्के असेल तर प्रत्येक खरेदीत दीड टक्का तोटा. त्यात दुकानातलं मशीन विचारतं, बिल तुमच्या देशाच्या चलनात करायचं की इथल्या? ओळखीचा आकडा बघून लोक आपलं चलन निवडतात, आणि त्या दरात दुकानदाराच्या बँकेची कमाई मिसळलेली असते. नेहमी तिथलंच चलन निवडा. कॅशियरने न विचारता बटण दाबलं असेल तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करायला लावा.

कार्ड निवडण्याआधी गेल्या 12 महिन्यांची स्टेटमेंट काढा, खर्चाचे गट पाडा आणि वरचा हिशेब खालच्यातल्या खालच्या दराने करा. वर्षातून एखादाच विमानप्रवास असेल तर बिना फीचं साधं कॅशबॅक कार्ड घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. विमानतळावरच्या लाउंजसाठी म्हणून फी भरू नका. मोफत भेटी मोजक्या असतात आणि त्यांनाही अनेकदा आधीच्या तिमाहीतल्या खर्चाची अट असते.

विक्रेता ‘लाइफटाइम फ्री’ म्हणाला तर तेच वाक्य बँकेच्या अधिकृत ईमेलवर मागा आणि शुल्काच्या तक्त्याशी ताडून बघा. तक्त्यात ‘पहिलं वर्ष मोफत’ निघालं तर कार्ड सुरूच करू नका. फी लागून गेली असेल तर बँकेकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. पुढे नियामकाकडे जाताना तोच लागतो. ‘पॉइंट आज रात्री संपणार’ असा मेसेज आला तर त्यातली लिंक उघडू नका, कार्डामागच्या नंबरवर स्वतः फोन करा, आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. कार्ड बंद करायचं असेल तर आधी पॉइंट वापरून टाका. खातं बंद झालं की उरलेले पॉइंट बहुधा त्याच्याबरोबरच जातात.