कॉन्सर्ट युकुलेलेचा नवशिक्या संच: बोटांना दोष देण्याआधी नट बघा

जोडीदारासमोर एक अख्खं गाणं न अडखळता वाजवून म्हणायचंय आणि हाताशी पाच-सहा आठवडेच आहेत, तर कॉन्सर्ट आकाराचं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं पण छोटं वाद्य, घ्या. तारा चारच, त्याही नायलॉनच्या, त्यामुळे गिटारच्या स्टीलच्या तारांसारखी बोटं सोलवटत नाहीत. सोप्रानो या लहान आकारापेक्षा कॉन्सर्ट बरं. त्याची तारेची लांबी साधारण ३८ सेंटीमीटर असते, सोप्रानोची ३३-३५. मोठ्या हाताची बोटं सोप्रानोच्या पडद्यांत (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांत) एकमेकांवर चढतात.

संचात प्लायवूडचं वाद्य, पातळ पिशवी, क्लिप ट्यूनर (चिमट्याने लावायचं, सूर दाखवणारं यंत्र), जादा तारा, कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) आणि प्लास्टिकची पिक (तारा छेडायची चकती) येते. प्लायवूडला नाक मुरडू नये. आवाज जरा बंद येतो, पण हवा दमट-कोरडी झाली तरी ते सहसा तडकत नाही. ट्यूनर उत्तम. पिक मात्र ठेवून द्या. कडक प्लास्टिकने नायलॉनची तार टकटक वाजते.

या संचाचं खरं दुखणं नट. खुंट्यांजवळची ती खाच असलेली पट्टी कारखान्यात बहुधा उंचच सोडलेली असते. मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक लागतात, पण पहिल्या पडद्यावर दाबलं की तार जास्त खाली ओढली जाते, ताणते आणि सूर चढतो. मग एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) बेसूर लागते आणि शिकणारा स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबा आणि पहिल्या पडद्यावरची फट बघा. कागद जेमतेम सरकेल इतकीच हवी. व्हिजिटिंग कार्ड आरामात जात असेल तर खाच खोल करून घ्यावी लागेल. हे वाद्यदुरुस्तीवाल्याचं काम. घरी कानस लावली आणि खाच जास्त खोल गेली, की तार पडद्यावर झणझणते. दुसरी तपासणी बाराव्या पडद्याची. तिथला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला हवा. ट्यूनरचा काटा चांगलाच ढळला तर वाद्य बदलून मागा.

चौथ्या, म्हणजे वाद्य धरल्यावर सर्वात वर येणाऱ्या, तारेपासून सूर असे: जी, सी, ई, ए. पेटीवर बघायचं तर पांढरी पाच, एक, तीन, सहा. इथे चौथी तार बारीक आणि उंच सुराची असते, ई आणि ए यांच्या मधली. ट्यूनर नुसतं 'जी' दाखवतो, सप्तक सांगत नाही. त्यामुळे बरोबर जी ओलांडून वरच्या सप्तकातल्या जीकडे खुंटी पिळत गेलं की तार तुटते. नव्या तारा चार-पाच दिवस रोज उतरतात. प्रत्येक तार बाराव्या पडद्यापाशी धरून सेंटीमीटरभर वर ओढा, पुन्हा सुरात आणा, असं पाच-सहा वेळा करा.

संचातला तक्ता पंधरा कॉर्ड दाखवतो. चार पुरतात: सी, एएम (ए मायनर), एफ, जी७. सीला पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर अनामिका. ती उचलून चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर मधलं बोट ठेवलं की एएम. ते न हलवता दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर तर्जनी टेका, एफ झाली. आता तर्जनी तिथेच राहू द्या, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर न्या, अनामिका पहिल्या तारेच्या दुसऱ्यावर: जी७. बोटं पडद्याला लागून, खुंट्यांच्या बाजूला. मधोमध दाबलं तर जोर जास्त लागतो.

लय मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला ६० ठोके, दर चार ठोक्यांना कॉर्ड बदल. उजवा हात थांबवायचा नाही, डावा चुकला तरी. नवशिक्या नेमका इथेच अडकतो: कॉर्ड शोधायला हात थांबतो आणि गाणं तुटतं. चुकलेली कॉर्ड ऐकणाऱ्याच्या फारशी लक्षात येत नाही, तुटलेला ठेका लगेच येतो. स्ट्रमिंग, म्हणजे तारा एकत्र छेडणं, तर्जनीच्या नखाने, मान जिथे खोक्याला मिळते तिथे, भोकावर नाही.

गळ्याला पट्टी जुळत नसेल तर कॅपो. सी म्हणजे पांढरी एक. पहिल्या पडद्यावर कॅपो लावला की त्याच बोटांनी काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन. कॅपो लावल्यावर सूर पुन्हा तपासा, आवळल्याने तारा किंचित चढतात.

पट्टा संचात नाही आणि बहुतेकदा पट्ट्याची खुंटीही नाही, त्यामुळे उभं राहून वाजवताना वाद्य घसरतं आणि डावा हात ते सावरण्यातच गुंततो. बसूनच वाजवा. समोर माणूस असलं की लय आपोआप पळते, म्हणून सरावातल्यापेक्षा दहा ठोके कमी धरून सुरुवात करा. आणि ज्या खोलीत वाजवायचं तिथे वाद्य अर्धा तास आधी पिशवीबाहेर काढून ठेवा, सूर लावायचा तो त्यानंतर.