वेफर्सच्या पाकिटांपासून विणलेली पिशवी: पावसाळा काढल्यानंतर

पिशवी शाबूत आहे, बंद तुटला. दादरच्या बाजारातून परतताना स्टेशनच्या पुलावर एका बंदाची शिवण उसवली आणि कांदे-बटाटे पायऱ्यांवरून गडगडत गेले. पिशवी साडेसहाशेची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ती कशी बनते हे बहुतेकांना माहीत असेलच: पाकिटं धुवायची, पट्ट्या कापायच्या, हातमागावर विणायच्या. माझ्या पिशवीत ताणा (उभे धागे) सुती आहे, बाणा (आडवी वीण) पाकिटांच्या पट्ट्यांचा. कापडाबद्दल तक्रार नाही. मासळीचं पाणी लागलं तरी साबणाने धुतलं की वास जातो. चंदेरी भाग सोलून निघेल अशी घेताना भीती होती, तसं काही झालं नाही.

आता बंद. जाड सुती पट्टी, दुमडून आत घेतलेली आणि साध्या सुती दोऱ्याने शिवलेली. पाकिटाचं प्लास्टिक पाणी शोषत नाही, सूत शोषतं. जुलैत भिजून घरी आलं की कापड फडक्याने पुसलं की कोरडं. पण बंदाची दुमड मुंबईच्या हवेत वाळतच नाही. आधी बुरशीचे काळे ठिपके आले, मग दोरा कुजला. सगळा भार त्याच दोन बोटं जागेवर येतो. जे प्लास्टिक कुजत नाही म्हणून एवढा खटाटोप, त्याला कुजणारा दोरा का लावावा?

विकणाऱ्यांना फोन केला. "ताई, हाताने बनवलेली वस्तू आहे, जपून वापरायची." भाजीची पिशवी जपून कशी वापरायची? प्रदर्शनात यांनीच दहा किलो आरामात उचलते म्हणून सांगितलं होतं. बदलून देणार नाहीत, दुरुस्तीला पाठवायची तर कुरिअरचा खर्च माझा. त्या दिवशी मी भेटेल त्याला "घेऊ नका" सांगत होते.

मग स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी नायलॉनच्या दोऱ्याने चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारली. दोन्ही बंदांचे चाळीस रुपये. तेव्हापासून तांदूळ, नारळ, सगळं वाहते आहे, एक टाका हललेला नाही.

त्यामुळे आता "घेऊ नका" म्हणणार नाही. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, वेफर्सच्या पाकिटांवर नाही. या पाकिटांत प्लास्टिकवर धातूचा पातळ थर असतो, थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून आमचा भंगारवाला ती हातात घेत नाही. ती पिशवीत गेली तेवढी गटारात जायची वाचली. पिशवी विकणाऱ्या त्याच लोकांकडच्या दूधपिशव्यांच्या चटया मात्र मी घेणार नाही. दूधपिशव्या भंगारवाला पैसे देऊन नेतो, धारावीत अशा प्लास्टिकचे पुन्हा दाणे होतात. चांगला चाललेला माल चटईत कशाला अडकवायचा? शिवाय शेजारच्या वहिनींची तशी चटई खिडकीतल्या उन्हाने कडक होऊन तिचा भुगा पडतोय.

घेताना रंग बघत बसू नका, बंद उलटा करून शिवण बघा. बहिणीसाठी मी आणखी एक घेणार आहे, पण नायलॉनच्या दोऱ्याने शिवून देणार का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून.