स्टारबक, अ‍ॅलेक्स, मॉली की वॉश: कोणत्या अंतराळ-पायलटपासून सुरुवात करावी?

माझी भाची ओझरला राहते. एचएएलचा विमान कारखाना जवळच, त्यामुळे सुखोईचा आवाज ऐकतच ती मोठी झाली. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला ड्रॅगन यानातून अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘मिशन पायलट’ लिहिलेलं तिने पाहिलं आणि तिच्या डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठलं. वर हवाच नाही, मग यान वळतं कशाच्या जोरावर? ब्रेक कसा लागतो? मला म्हणाली, “मावशी, असा पायलट असलेली एकच सिरीज सांग. चार नको, अकरावीचा अभ्यास आहे.”

एकच सांगणं मला जमेना. अंतराळातले पायलट टीव्हीवर डझनावारी आहेत, पण ज्यांच्यासाठी माणसाने वेळ काढावा असे माझ्या लेखी चार: ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’तली कारा थ्रेस उर्फ स्टारबक, ‘द एक्स्पान्स’मधला अ‍ॅलेक्स कमाल, ‘फॉर ऑल मॅनकाइंड’मधली मॉली कॉब आणि ‘फायरफ्लाय’मधला वॉश. कोण सर्वांत शूर, हे मी बघत नाही. मी बघते ते वेगळंच. यान चालवताना त्याचं वजन जाणवतं का, त्या उड्डाणाची किंमत पायलटच्या शरीराला मोजावी लागते का, आणि खुर्चीतून उठल्यावरही त्या माणसाबद्दल कुतूहल उरतं का.

वजनाचं आधी सांगते, कारण बहुतेक सिरीज तिथेच घसरतात. विमान वळतं ते हवेच्या आधाराने. अंतराळात आधाराला काहीच नसतं. यानाचं तोंड डावीकडे फिरवलं तरी ते आधीच्याच वाटेने, आधीच्याच वेगाने पुढे जात राहतं. वाट बदलायची तर इंजिन हव्या त्या बाजूला रोखून पेटवावं लागतं, आणि थांबायचं तर यान उलटं फिरवून, इंजिन जाण्याच्या दिशेला धरून तितकाच वेळ जाळावं लागतं. हे ज्या सिरीजला ठाऊक नाही, तिच्यातलं अंतराळयान म्हणजे काळ्या पडद्यासमोर उडणारं विमान. वरच्या चौघांच्या सिरीजना हे ठाऊक आहे, पण चारही ठिकाणी ते सारखं पाळलेलं नाही.

या बाबतीत ‘द एक्स्पान्स’ला तोड नाही. अ‍ॅलेक्सचं यान, ‘रोसिनान्टे’, आतून इमारतीसारखं आहे. मजल्यावर मजले, आणि सगळ्यात खाली इंजिन. इंजिन चालू असलं की यान वर ढकललं जातं आणि जमीन पायांना लागते. बंद केलं की सगळे तरंगायला लागतात. प्रवासाच्या मध्यावर यान उलटं फिरतं आणि उरलेला अर्धा प्रवास वेग कमी करण्यात जातो. अ‍ॅलेक्स हे सगळं एखाद्या मुरलेल्या ट्रक ड्रायव्हरच्या सहजतेने करतो. तो मंगळाच्या नौदलात वीस वर्षं काढलेला माणूस आहे आणि सिरीज सुरू होते तेव्हा शनीच्या कड्यांमधून बर्फ वाहून नेणाऱ्या मालवाहू यानावर नोकरी करतो आहे. लढाऊ यान त्याच्या हाती येतं ते पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात, आणि तेही पळ काढताना.

त्या भागात खुर्च्यांमधून सुया टोचल्या जातात, शरीरात औषध शिरतं. त्याला ते ‘ज्यूस’ म्हणतात. प्रचंड वेगवाढीत रक्तवाहिन्या फुटू नयेत, शुद्ध हरपू नये म्हणून. रशियाच्या सोयुझ यानातून पृथ्वीवर परतताना अंतराळवीरांना साधारण ४ जी सोसावे लागतात, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौपट भार. अ‍ॅलेक्सच्या जगात तो भार कितीतरी पुढे जातो. १० जी धरले तर ६० किलोच्या माणसाचं शरीर ६०० किलोचं वाटतं. दुसऱ्या सीझनमध्ये याच इंजिनाच्या शोधाची गोष्ट येते. शोध लावणारा एकटाच यानात असतो, इंजिन कल्पनेपेक्षा कितीतरी जोरात चालतं, आणि वेगवाढीने तो खुर्चीत असा चेपला जातो की समोरचं बटण दाबायला त्याचा हात उचलत नाही. हात आणि बटण यांत वीतभर अंतर. मी ते दृश्य पाहिल्यापासून रॉकेट वर जाताना दिसलं की मला आधी आतल्या माणसाची छाती आठवते.

अ‍ॅलेक्सचं खरं कसब मात्र मला लढाईत दिसलं नाही. गॅनिमीड या गुरूच्या चंद्रावर कुणाला पत्ता न लागू देता पोचायचं असतं. मुख्य इंजिन पेटवलं तर ते लांबूनही दिसणार. म्हणून तो गुरूच्या चंद्रांच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेत, एका चंद्राकडून दुसऱ्याकडे झोके घेत यान नेतो. आधी गणित, मग पुन्हा गणित, मग इंजिन बंद ठेवून वाट पाहणं. पायलटने काहीही न पेटवता केलेलं इतकं देखणं उड्डाण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. व्हॉयेजर यानं गुरूकडून वेग घेऊन शनीकडे गेली ती याच तत्त्वावर.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला अ‍ॅलेक्स जवळचा वाटण्याचं आणखी एक कारण आहे. ज्या कादंबऱ्यांवर सिरीज बेतली आहे, त्यांच्यानुसार मंगळावरची मरिनर व्हॅली वसवली ती भारतीय, चिनी आणि टेक्सासच्या लोकांनी. म्हणून आडनाव कमाल, वर्ण आपल्यासारखा, आणि बोलण्यात टेक्सासचा हेल. बायको आणि मुलगा मंगळावर सोडून आलेला हा माणूस त्यांना निरोप रेकॉर्ड करायला बसतो तेव्हा शब्द सापडत नाहीत. उणीव म्हणाल तर एक आहे, आणि ती आधीच माहीत असलेली बरी. सिरीजचे सीझन सहा, पण अ‍ॅलेक्स पाचच सीझन आहे.

आता स्टारबक. अ‍ॅलेक्सशेजारी तिला उभं केलं की दोघांमधला फरक लगेच डोळ्यांत भरतो. अ‍ॅलेक्स यानाचं ऐकतो, स्टारबक यानाला ऐकायला लावते. २००३ च्या लघुमालिकेत तिच्या सहकाऱ्याचं, लीचं, लढाऊ विमान बंद पडतं. त्यांचं मोठं युद्धजहाज, गॅलॅक्टिका, निघायच्या बेतात आहे, वेळ नाही. ती आपल्या वायपरचं नाक त्याच्या वायपरला भिडवते, दोन्ही विमानं अडकतात, आणि त्याला ढकलत ढकलत लँडिंग डेकवर घुसवते. ते उतरणं नव्हतंच, आदळणं होतं. ठिणग्या उडवत दोन्ही विमानं घसरत जातात. बेबंद पोरगी आहे ती. वरिष्ठ अधिकाऱ्यावर हात उचलून कोठडीत जाते, पत्ते कुटते, दारू पिते. आणि तिच्याइतकं विमान कुणालाच चालवता येत नाही.

१९७८ च्या मूळ मालिकेत स्टारबक पुरुष होता. नव्या मालिकेत केटी सॅकॉफला ती भूमिका दिली तेव्हा पुष्कळ लोक रागावले होते. आज तिच्याशिवाय ते पात्र डोळ्यांसमोर येत नाही. कारण लेखकांनी तिला बेदरकारपणाच्या जोडीला एक जखम दिली आहे. ती पूर्वी प्रशिक्षक होती. ज्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं, तोच तिचा विद्यार्थी. त्याचा हात तयार नव्हता, तरी तिने त्याला पास केलं, आणि पहिल्या मोहिमांतच तो गेला. त्याचे वडील आता तिचे कमांडर आहेत. त्यांना हे सांगण्याचा प्रसंग पहिल्या सीझनमध्ये येतो, आणि तो मला अजून पूर्ण स्वस्थपणे बघता येत नाही. उड्डाण शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या मनातली भीती तिथे उघडी पडते.

त्याला जोडूनच पुढचा प्रसंग. ती एका चंद्रावर कोसळते, गुडघा जायबंदी, हवा संपत आलेली. जवळ शत्रूचं पडलेलं यान. त्याच्या आत ती शिरते तर आत यंत्र कमी आणि मांसच जास्त. तो प्राणीच आहे. कोणती नस ओढली की कोणता पंख हलतो, हे ती चाचपडत शोधते आणि ते उडवते. वर तिला पाडायला तिचीच माणसं टपलेली, कारण दिसतंय ते शत्रूचं यान. म्हणून तिने पंखांच्या खालच्या बाजूला काळ्या चिकटपट्टीने आपलं नाव लिहून ठेवलेलं असतं. ली खालून बघतो आणि त्याला मोठ्या अक्षरांत ‘स्टारबक’ दिसतं.

भौतिकशास्त्राच्या कसोटीवर ‘गॅलॅक्टिका’ अर्धी उतरते. वायपर विमानं नाकावरच्या छोट्या झोतांनी जागच्या जागी फिरतात, पुढे जाता जाता उलटी होऊन मागे गोळ्या झाडतात, ते अगदी बरोबर. पण मोठ्या जहाजांवर सगळीकडे जमिनीसारखं गुरुत्व आहे आणि ते कुठून आलं हे विचारायचं नाही. शरीराची किंमत मात्र इथेही आहे, वेगळ्या प्रकारची. पहिल्या सीझनच्या पहिल्याच भागात शत्रू दर ३३ मिनिटांनी येतो. पाच दिवसांहून जास्त काळ कुणी झोपलेलं नाही. पायलट उत्तेजक गोळ्यांवर जगताहेत, स्टारबक त्या घ्यायला तयार नाही, आणि तिला त्यासाठी हुकूम द्यावा लागतो. थकव्याने माणसाचा निर्णय कसा सैल होतो हे इतकं बारकाईने क्वचितच दाखवलं गेलं आहे. उत्तरार्धात सिरीज गूढाकडे झुकते आणि स्टारबकची कहाणीही त्यात ओढली जाते. मला ते पटलं नाही. काहींना तोच भाग सर्वांत आवडतो.

‘गॅलॅक्टिका’ घडवणारे रोनाल्ड मूर यांनीच पुढे ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ सहकाऱ्यांसोबत उभी केली, आणि मॉली कॉब ही मला स्टारबकचीच थोरली बहीण वाटते. इथली कल्पना अशी की १९६९ मध्ये चंद्रावर आधी सोव्हिएत रशिया उतरला. मग त्यांनी एक बाई उतरवली. अमेरिकेला घाईघाईने स्त्री अंतराळवीर तयार कराव्या लागतात, आणि मॉली त्यांतली एक.

या पात्रामागे खरी बाई आहे. जेरी कॉब. पुरुष अंतराळवीरांना दिलेल्या वैद्यकीय चाचण्या तिने १९६० मध्ये पार केल्या, १९६२ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, तरी तिला अंतराळात कधीच जायला मिळालं नाही. पहिली अमेरिकन स्त्री अंतराळात गेली ती १९८३ मध्ये, सॅली राइड. अमेरिकन यान चालवायला पायलट म्हणून बाई बसली ती १९९५ मध्ये, आयलीन कॉलिन्स. २०१९ च्या मार्चमध्ये जेरी कॉब गेल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ही सिरीज आली. टीव्हीवरची मॉली जेव्हा दोरावरून चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकल्टन विवरात, ठार अंधारात, बर्फ शोधायला उतरते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दोन बाया असतात.

इथली सुरुवातीची यानं खरी आहेत, म्हणजे अपोलोचीच. चंद्रावर उतरण्याच्या सरावासाठी नासाने एक विचित्र यंत्र केलं होतं, नुसता सांगाडा आणि मध्ये जेट इंजिन. यंत्राच्या वजनाचा सहापैकी पाच भाग ते इंजिन पेलायचं, म्हणजे पायलटला चंद्रावरचं गुरुत्व अनुभवता येई. १९६८ मध्ये अशाच एका यंत्रातून नील आर्मस्ट्राँग शेवटच्या क्षणी बाहेर फेकले जाऊन वाचले. मालिकेतल्या प्रशिक्षणात त्या यंत्राचा एक प्रसंग आहे, तो विसरता येत नाही. मॉलीची अडचण एवढीच की ती मुख्य पात्र नाही. अंतराळवीर एड बाल्डविन आणि इतरांच्या गर्दीत ती येते आणि जाते. तिच्यासाठी म्हणून बसाल तर मधले काही भाग रिकामे वाटतील.

वॉशबद्दल थोडक्यात. २००२ ची ‘फायरफ्लाय’ एका सीझनमध्येच बंद झाली, चौदा भाग. वॉश पहिल्यांदा दिसतो तो यानाच्या पॅनलवर प्लास्टिकचे डायनासोर मांडून खेळताना. तेवढ्यात इशारा वाजतो आणि त्याचा चेहरा पालटतो. हसरा, बायकोवर जीव टाकणारा, लढवय्या नसलेला पायलट. इथे अंतराळात आवाज येत नाही, जसा येऊ नये. बाकी गणिताच्या फार खोलात सिरीज जात नाही. वाहिनीने भाग उलटसुलट दाखवले होते, पहिला तर सगळ्यांत शेवटी. तुम्ही मात्र ‘सेरेनिटी’ नावाच्या भागापासूनच सुरू करा, आणि त्याच नावाचा चित्रपट सगळं संपल्यावर बघा.

तर निवड. पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे आणि लांब गुंतायचं नाही, तर वॉश. उड्डाण कसं घडतं हे समजून घ्यायचं असेल, तर डोळे मिटून अ‍ॅलेक्स. माणूस बघायचा असेल तर स्टारबक, पण २००३ ची लघुमालिका वगळून थेट पहिल्या सीझनवर जाऊ नका. अनेक जण ती चूक करतात आणि काही कळत नाही म्हणून सोडून देतात. आईबरोबर किंवा आजीबरोबर बसून बोलत बोलत बघायचं असेल, तर मॉली. घरातल्या लहानांसाठी एक सूचना: ‘द एक्स्पान्स’च्या पहिल्या भागात प्रणयदृश्य आहे आणि चौथ्यात एक मृत्यू फार भयंकर आहे. ‘गॅलॅक्टिका’ही मोठ्यांचीच आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना यांतलं काही दाखवायचंच तर ‘फायरफ्लाय’, आणि तीही शेजारी बसून.

भाचीला मी शेवटी अ‍ॅलेक्स सांगितला. तिच्या आईला आधी फोन करून चौथ्या भागाची कल्पना दिली. दोन आठवड्यांनी रात्री साडेदहाला तिचा फोन आला, आवाज दबका, घरचे झोपलेले. “मावशी, मध्यावर यान उलटं फिरवलं ना त्याने, तोच ब्रेक होता ना?”