सभागृहातलं शिबिर की सहवासातलं?

युवा नेतृत्व आणि राजनयाच्या आंतरराष्ट्रीय शिबिरांची माहितीपत्रकं चाळली की सगळी एकाच छापाची वाटतात. तेच झेंडे, तीच सुटाबुटातली मुलं, तेच ‘उद्याचे नेते’. प्रत्यक्षात त्यांत दोन घराणी आहेत. एक मॉडेल युनायटेड नेशन्सचं, म्हणजे एमयूएनचं, संयुक्त राष्ट्रांच्या लुटुपुटुच्या अधिवेशनाचं: मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी व्हायचं आणि ठराव मंजूर करून घ्यायचा. दुसरं सहवासाचं: तिथे कुणाची भूमिका वठवायची नसते, निरनिराळ्या देशांतल्या मुलांनी काही आठवडे एका छपराखाली काढायचे असतात. आमची मुलगी दोन्हीकडे जाऊन आली, आणि एमयूएनच्या वेळी स्वयंसेवक पालक म्हणून मीही समितीच्या खोलीत मागे बसून होतो. त्यामुळे पुढचं मत ऐकीव नाही, मात्र एका घरच्या अनुभवाइतकंच त्याचं वजन धरावं.

एमयूएनचं जे चांगलं आहे ते खरोखर चांगलं आहे. मुलीच्या वाट्याला नेमका असा देश आला, ज्याचं धोरण तिला अजिबात पटत नव्हतं. पोझिशन पेपर, म्हणजे आपल्या वाट्याच्या देशाची भूमिका मांडणारं टिपण, लिहिताना तिची आठवडाभर चिडचिड झाली, पण न पटणारी बाजू नीट मांडता येणं ही काय चीज आहे, हे तिला त्यातून कळलं. नियमही अंगवळणी पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची म्हणून भरलेल्या समितीत एका मुलाने सर्व सदस्य देशांवर बंधनकारक निर्बंध घालणारं कलम आणलं. चेअरने, म्हणजे समितीच्या अध्यक्षाने, त्याला एवढंच विचारलं, ‘हा अधिकार या समितीला आहे का?’ अशा बाबतीत आमसभा शिफारस करू शकते, सक्तीचे निर्बंध हा सुरक्षा परिषदेचा प्रांत, हे त्या खोलीतलं एकही मूल आता विसरणार नाही. पाठ्यपुस्तक वाचून हे इतकं पक्कं होत नाही.

माझं घोडं अडलं ते बक्षिसापाशी. शेवटच्या दिवशी ‘बेस्ट डेलिगेट’ जाहीर होणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्याचा वास प्रत्येक चर्चेला येतो. अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, म्हणजे जागा सोडून मोकळेपणी बोलायच्या वेळात, सात-आठ मुलं एका लॅपटॉपभोवती जमली होती. इंग्रजी सावकाश बोलणाऱ्या एका मुलाने निधी कुठून आणायचा याची उत्तम कल्पना सुचवली. लॅपटॉप ज्याच्या मांडीवर, त्याने ती झटक्यात टाइप केली. मसुदा आला तेव्हा कल्पना सुचवणाऱ्या मुलाचं नाव स्पॉन्सरमध्ये, म्हणजे मसुद्याच्या कर्त्यांमध्ये, नव्हतं, सिग्नेटरीमध्ये होतं, म्हणजे ‘या मसुद्यावर चर्चा व्हावी असं वाटणारा’ इतकंच. तो काही बोलला नाही. त्याच घोळक्यात आमची कन्याही होती, तीही काही बोलली नाही. त्यानंतर मला एकच गोष्ट सारखी दिसत राहिली: बोलणारी मुलं समोरच्या प्रतिनिधीकडे कमी आणि चेअरच्या पेनाकडे जास्त पाहत होती. राजनय शिकवायला निघालेल्या शिबिरात ऐकून घेण्याला गुण नसावेत, हे मला फार खटकलं.

खुद्द संयुक्त राष्ट्रांत असं चालत नाही. आमसभेचे बहुसंख्य ठराव मतदान न घेता, सहमतीने संमत होतात, आणि संयुक्त राष्ट्रांनी एमयूएनसाठी काढलेली मार्गदर्शिकाही सहमतीवरच भर देते. सगळ्या एमयूएनना एकाच माळेत ओवणंही बरोबर नाही. हेगमध्ये 1968 पासून भरणारं थायमुन हे एमयूएन वैयक्तिक बक्षिसं देत नाही. ज्यांना हाच मार्ग घ्यायचा आहे त्यांनी त्या पठडीतलं शिबिर शोधावं.

सहवासाच्या घराण्याची परंपरा थायमुनहूनही जुनी. डॉरिस ॲलन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी दुसऱ्या महायुद्धानंतर सीआयएसव्हीची, म्हणजे मुलांच्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी शिबिरांची, कल्पना मांडली आणि 1951 मध्ये सिनसिनाटीत पहिलं ‘व्हिलेज’ भरलं. त्यांचं व्हिलेज आजही अकरा वर्षांच्या मुलांचंच असतं: प्रत्येक देशाचे दोन मुलगे, दोन मुली आणि सोबत एक मोठं माणूस. सीड्स ऑफ पीस हे दुसरं शिबिर 1993 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात सुरू झालं, ते इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन मुलांना घेऊन. पुढे भारत-पाकिस्तानची मुलंही तिथे गेली. तिथे मुलं एका केबिनमध्ये झोपतात आणि प्रशिक्षित संवादकांसमोर, म्हणजे चर्चा घडवून आणणाऱ्या मोठ्यांसमोर, रोज एकमेकांशी बोलतात. हे बोलणं गोडीगुलाबीचं असतं अशा भ्रमात राहू नये.

मुलीचं शिबिर इतकं नामांकित नव्हतं, आणि सुरुवातीला तिला ते कंटाळवाणंच वाटलं. खेळ, गाणी, भांडी घासायच्या पाळ्या. नंतर खोलीत दिव्यावरून जुंपली. एकीला वाचल्याशिवाय झोप येत नव्हती, दुसरी पहाटे उठणारी, तिसरीला अंधाराची भीती. दारावर नियमांचा कागद लागला, तो फाडला गेला, नवा लागला, त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि पुन्हा खाडाखोड. एमयूएनच्या समितीत मत हरलं तर देशाच्या नावाचा फलक आडवा ठेवून जेवायला जाता येतं. इथे तोडगा निघाला नाही तरी रात्री झोपायचं त्याच खोलीत. या दबावाखाली ती जे शिकली ते मला जास्त टिकाऊ वाटतं. अर्थात मी बाप आहे, तटस्थ निरीक्षक नव्हे.

या प्रकाराची दुखणीही आहेत. सगळी भिस्त संवादकावर असते. तो कच्चा असेल तर संवादाची सत्रं एक तर गप्पांत विरतात, नाही तर कुणाला तरी जखम करून संपतात. पुढे कॉलेजच्या अर्जात मिरवायला फारसं काही हाती लागत नाही. आणि सोळा-सतरा वर्षांच्या, वर्तमानपत्र कोळून पिणाऱ्या मुलाला तिथली गाणी बालिश वाटू शकतात. तशा मुलाला एमयूएनलाच पाठवावं, मी आडवा येणार नाही. मूल त्याहून लहान असेल, किंवा आधीच बोलण्यात कुणाला हार न जाणारं असेल, तर मात्र मी सहवासाच्या बाजूने. आमच्या धाकट्याचा अर्ज तिकडेच गेला आहे.

पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात. एका खोलीत किती देशांची मुलं असतील? ‘आंतरराष्ट्रीय’ शिबिरात एकाच देशाची टोळी एकाच खोलीत कोंबलेली असते, हे सर्रास होतं. संवादकांचं प्रशिक्षण काय झालं आहे? आणि शेवटी वैयक्तिक बक्षीस आहे का, असल्यास कशासाठी? उत्तरात फक्त भाषणांचा उल्लेख आला, तर मी तरी दुसरं शिबिर बघेन.