किडलेली दुधाची दाढ: काढावी की वाचवावी?

"दुधाचीच तर आहे, पडणारच आहे." पुढच्या दातांचं हे खरं, ते सहा-सात वर्षांला हलायला लागतात. दाढांचं तसं नाही. पहिली दुधाची दाढ 9 ते 11व्या वर्षी पडते, दुसरी 10 ते 12व्या. पाच वर्षांच्या लेकराची दुसरी दाढ ठणकत असेल, तर तिला अजून किमान पाच वर्षं चावायचंय आणि जागाही राखायचीय.

काढण्यात सुटका लगेच होते, खर्चही कमी. अडचण पुढे येते: मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणारी उपदाढ, म्हणजे दुधाच्या दाढेच्या जागी येणारा पक्का दात, अडकते किंवा वाकडी निघते. ते टाळायला, जागा राखण्यासाठी शेजारच्या दाढेला पट्टी आणि तारेचा फास बसवतात, म्हणजे स्पेस मेंटेनर. सिमेंट सुटलं की पट्टीखाली कीड लागते, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवावं लागतं. मागची पक्की दाढ अजून आलीच नसेल तर तार टेकायला दात नसतो, काम आणखी अवघड होतं.

वाचवायची तर नस सडलेल्या दाढेचं रूट कॅनल करतात. मुळांत विरघळणारी पेस्ट भरतात, कारण पक्का दात येताना ती मुळं झिजून जायला हवीत. वर स्टीलची टोपी हवीच. नुसत्या सिमेंटवर सोडलं तर उरलेली भिंत चावताना फुटते आणि परत पू होतो. खेपा साधारण एक ते तीन.

आमचं मत: आठ वर्षांच्या आत दाढ वाचवा, दुसरी तर नक्कीच. नऊ-दहा वर्षांच्या लेकराच्या एक्स-रेत मुळं बरीच झिजलेली आणि पक्का दात वर आलेला दिसला, तर काढून मोकळं व्हा. तिथे तारही लागत नाही.

बीडकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्यांनी टोपीपर्यंतचं काम दसऱ्याआधीच उरकावं. औषधाचा बोळा घालून अर्धवट ठेवलेली दाढ फडात सुजली तर हाल होतात. तेवढा वेळ नसेल तर काढलेली बरी.

काढण्याआधी मात्र मोजा. पुढच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून मागे चौथी आणि पाचवी दुधाची, सहावी पक्की. ती साधारण सहाव्या वर्षी कुठलाही दात न पडता गुपचूप येते, म्हणून दुधाची समजून काढली जाते. तिच्या जागी दुसरी येत नाही.

गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर शेकत बसू नका, मिश्री लावू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.